दहाच्या आकड्याचं मूळ

सांगली-मिरजेत ऑपरेशनची तारीख घ्यायला गेलं की आधी लॅबची चिठ्ठी हातात पडते, आणि रिपोर्ट आला की सगळं घर त्यात एकच आकडा शोधतं. एचबी, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिन किती ग्रॅम आहे ते. दहाच्या वर असला तर "चला, होतंय मग". खाली असला तर "एखादी बाटली चढवून घेऊ". ऑपरेशन पिशवीचं असो, हर्नियाचं असो की लग्नाआधी नाक सरळ करून घ्यायचं असो, वाक्यं हीच. हा दहा आला कुठून? आणि तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर होता?

नाकाचा विषय निघाला की आपण थेट सुश्रुताकडे जातो, पण जवळची नोंद पुण्याची आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं गेलं. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली आणि तिच्या आधारे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी कापली की रक्त भळभळतं. कावसजीच्या अंगात रक्त पुरेसं आहे का, हे मोजायची सोय मात्र तेव्हा जगात कुठेच नव्हती. 'हिमोग्लोबिन' हे नावच १८६४ चं.

मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचं रुग्णालय १८९४ मध्ये उभं राहिलं, त्या काळीही खालची पापणी ओढून आतला रंग बघणं हाच डॉक्टरांचा मुख्य आधार. १९०२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हर्मन साहली यांनी आपली पद्धत मांडली. बोटातलं थोडं रक्त सौम्य आम्लात मिसळायचं, ते तपकिरी झालं की थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या नळीच्या रंगाशी जुळवायचं. आपल्याकडच्या लहान लॅबमध्ये ही साहलीची नळी कित्येक वर्षं टिकली. जुळवणारा डोळा आणि खिडकीतला उजेड यांवर अर्धा-एक ग्रॅम इकडचा तिकडे सहज व्हायचा. ज्या आकड्यावर घरोघरी निर्णय होत होते, तो मुळात असा नजरेचा होता.

दहा आला अमेरिकेतून. १९४२ मध्ये मेयो क्लिनिकचे अॅडम्स आणि लंडी या भूलतज्ज्ञांनी तब्येतीने खालावलेल्या रुग्णांबद्दल लिहिताना सुचवलं की हिमोग्लोबिन आठ-दहा ग्रॅमच्या खाली असेल तर शस्त्रक्रियेआधी रक्त द्यावं. मागे प्रयोग नव्हता, दोघांचा अनुभव होता. तरी हळूहळू त्याचा नियम झाला आणि पुढची चाळीस वर्षं तो कुणी फारसा तपासला नाही. १९८० च्या दशकात एचआयव्हीने रक्ताच्या बाटलीचीच भीती घातली तेव्हा लोक भानावर आले. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ परिषदेने स्पष्ट केलं की कुठल्याही एका आकड्यावर रक्त देण्याचा निर्णय करू नये. १९९९ मध्ये कॅनडाच्या हेबर्ट यांनी अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवरचा अभ्यास छापला. सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, दहा राखलेल्या रुग्णांपेक्षा मागे पडले नाहीत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. त्याआधी बाटली कुणाची, हे विचारण्यात फारसा अर्थ नव्हता.

सगळा घोटाळा इथेच आहे. दहा काय किंवा सात काय, दोन्ही आकडे "रक्त कधी द्यावं" या प्रश्नाची उत्तरं आहेत. आपण ती "कापायला कधी घ्यावं" या प्रश्नाला चिकटवली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला सातवर सांभाळणं वेगळं. सात-आठ असलेल्या धडधाकट दिसणाऱ्या बाईला पोट घट्ट करण्यासाठी टेबलावर घेणं अगदी वेगळं. पहिल्याला थांबायची मुभा नाही. दुसरीला आहे, आणि तिचं ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं तर तिची तब्येत त्यामुळे बिघडणार नाही.

सौंदर्याच्या शस्त्रक्रियांत रक्त जात नाही, असा एक समज आहे. त्याचाही इतिहास आहे. चरबी ओढून काढण्याची पद्धत १९७० च्या दशकात रोम आणि पॅरिसमध्ये रुळली, तेव्हा कोरड्या पद्धतीत बाहेर आलेल्या ऐवजात वीस ते पंचेचाळीस टक्के रक्तच असायचं. दोन लिटर काढले तर त्यात अर्धा लिटर रक्त जाणं नवल नव्हतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी आधी भरपूर पातळ द्रावण आणि त्यात रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रेनलिन टोचून मग चरबी काढायची रीत मांडली, आणि रक्ताचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. समज तिथून पसरला. पण तो तेवढ्यापुरताच खरा आहे. "एकदा भूल देताच आहात तर सगळंच करून टाका" म्हणून पोट, कंबर आणि छाती एकाच दिवशी घेतली की हिशेब बदलतो.

अशा ऑपरेशनला येणारी माणसंही अनेकदा आधीच रक्त कमी असलेली असतात. दोन बाळंतपणं झालेली, पाळीत जास्त रक्त जाणारी, लोहाच्या गोळीने शी काळी होते म्हणून ती अर्ध्यावर सोडलेली बाई. वजन कमी करण्यासाठी जठराचं बायपास करून घेतलेला आणि आता लोंबती कातडी काढायला आलेला माणूस. त्याच्या आतड्याचा लोह शोषणारा भागच अन्नाच्या वाटेबाहेर गेलेला असतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी रक्तक्षय असलेल्या २०१५-१६ च्या पाहणीत ४८ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के. १९७० पासून सरकारी गोळ्या आहेत, २०१८ पासून 'अॅनिमिया मुक्त भारत' आहे, शाळेतली निळी गोळी आहे. तरी हे. डॉक्टर विचारत नाहीत, पण पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खायची सवय असलेली मुलगी बहुतेक घरांना ठाऊक असते. ती सवय म्हणजे लोहाच्या कमतरतेची जुनी खूण.

प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असंही नाही. ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या त्या गिरणी कामगार गरोदर बायकांचा रक्तक्षय तपासायला. गिरणगावात तेव्हा साताऱ्याची माणसं किती होती, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्या रक्तक्षयाला यीस्टच्या अर्काने उतार पडतो, हे विल्स यांनी दाखवलं, आणि तिथूनच पुढे फॉलिक आम्लाचा शोध लागला. आजही दूध-भाजीवर भागवणाऱ्या माणसात बी-१२ कमी निघतं, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाच्या वाहकाला लोह देऊन उपयोग होत नाही.

२०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हृदयाव्यतिरिक्त मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख २७ हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. त्यात सौम्य रक्तक्षय असलेल्यांनाही गुंतागुंत आणि मृत्यूचा धोका जास्त निघाला. त्या सौंदर्याच्या शस्त्रक्रिया नव्हत्या, तरी "थोडंसंच कमी आहे" हे वाक्य त्यानंतर अवघड झालं. ऑपरेशनच्या वेळी बोटाला लावलेलं यंत्र ९९ दाखवतं म्हणून निर्धास्त होऊ नये. असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती प्राणवायूने भरलंय एवढंच ते सांगतं. डेपोतून सुटलेल्या एसटीच्या सगळ्या सीट भरलेल्या आहेत, पण गाड्याच निम्म्या सुटल्यात, तसला प्रकार.

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बाई असो वा पुरुष, रक्त जाणाऱ्या ठरीव शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन तेरापर्यंत न्यावं, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ३० च्या खाली असेल तर लोह कमी समजावं. गोळीने महिन्याभरात एक-दोन ग्रॅम चढतात. बाटलीने एका दिवसात एक, पण मूळ कारण तिथल्या तिथेच राहतं. शिरेतून लोह देणंही जादू नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी ते देऊन पाहिलेल्या २०२० च्या ब्रिटिश अभ्यासात रक्त देण्याची गरज कमी झाली नाही. मे महिन्यातल्या लग्नासाठी नाक करून घ्यायचं असेल, तर पहिली लॅबची चिठ्ठी दिवाळीच्या सुमारास लागते, एप्रिलमध्ये नाही.