शिकारीची युरोपीय दुनळी : 65 की 70?

युरोपीय दुनळी घ्यायची म्हटली की बोलणं आधी कारखान्याच्या नावावर येतं, मग नक्षीवर, मग अक्रोडाच्या दस्त्यावर. नळ्या सुट्या करून त्यांच्या पोटावरचे ठसे वाचायची आठवण बहुधा सौदा ठरल्यावर होते. पूर्वी हे खपून जायचं. ब्रिटन आणि युरोपात शिशाच्या छऱ्यांवर गेल्या काही वर्षांत जे निर्णय झाले, त्यानंतर ते खपत नाही. ही बंदूक कोणत्या काडतुसासाठी घडवली, 65 मिमीच्या की 70च्या, आणि कोणत्या दाबाला तपासली, हा प्रश्न आता पहिला आहे.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. उत्तर इटलीतल्या व्हाल त्रोम्पिया खोऱ्यात 1526 साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला 185 नळ्या पुरवल्याची नोंद आहे. म्हणजे नळ्या घडवणारी गावं पाचशे वर्षांची आहेत. पण आज आपण ज्या दुनळीबद्दल बोलतो ती एकोणिसाव्या शतकाची. मधून मोडणारी, काडतूस मागून भरायची बंदूक 1830च्या दशकात पॅरिसमध्ये तयार झाली आणि 1851च्या लंडनच्या प्रदर्शनात इंग्रज कारागिरांच्या नजरेस पडली. आधी त्यांनी नाकं मुरडली. पुढे मात्र सगळं भराभर झालं. नळ्या धरून ठेवणारा सरकता खटका 1863चा, वरची आडवी कळ 1865ची. आतल्या आत घोडा लपवणारा आणि नळ्या मोडताच तो चढवणारा बर्मिंगहॅमचा बॉक्सलॉक 1875चा. रिकामं काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर आणि लंडनचा नाजूक साइडलॉक (घोड्याची यंत्रणा बाजूच्या पट्टीवर बसवलेला) यांनी शतक संपण्याआधी आपलं आजचं रूप घेतलं. आज नवी कोरी दुनळी उघडून पाहिली तरी त्यानंतरची कल्पना तिच्यात फारशी सापडत नाही.

आपल्याकडे परवान्यावर अजून ‘डीबीबीएल’ लिहितात, म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग. मागून भरायची बंदूक ठासणीच्या बंदुकीपेक्षा वेगळी म्हणून नोंदवायची गरज होती, त्या काळाची ही खूण. 1972च्या वन्यजीव कायद्याने इथली शिकार संपली आणि खासगी आयातही 1980च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली. त्यामुळे पुढचं सगळं तिकडे राहून रीतसर परवाना काढणाऱ्यांच्या उपयोगाचं. घरात आजोबांची विलायती दुनळी असेल, तर चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीचा, भाग मात्र त्यांनीही वाचावा.

इंग्लंडची दुनळी आणि युरोपातली दुनळी दिसायला बहिणी असल्या तरी त्यांची कामं वेगळी. इंग्लंडात शिकारी एका जागी उभा राहतो आणि हाकेकरी पक्षी त्याच्या डोक्यावरून उडवतात. फेझंटचा मोसम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी. दिवसभरात पुष्कळ बार काढायचे, म्हणून बंदूक हलकी, इजेक्टर हवाच, दस्ता सरळ. दोन चापांची बंदूक असेल तर पुढच्या चापावरून मागच्यावर जाताना हात किंचित मागे सरकतो. सरळ दस्त्यावर तो अडत नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात शिकारी कुत्रा घेऊन रानातून चालतो आणि दिवसाकाठी चार-दोन बार काढतो. म्हणून तिथल्या झूल किंवा फेर्लाख या गावांच्या बंदुकीला पट्ट्याच्या कड्या असतात, पिस्तुली मूठ असते, कधी गालाला टेकवायचा उंचवटा असतो, आणि दोन्ही नळ्यांचा चोक, म्हणजे तोंडाकडचा निमुळता भाग, आवळलेला असतो. सेंट एतिएनच्या फ्रेंचांनी तर नळ्या मोडायच्याच नाहीत असं ठरवून मागचा भाग सरकवणारी दुनळी काढली. ती हातात घेतल्यावर एक तर आवडते किंवा अजिबात आवडत नाही.

वजनाचा जुना इंग्रजी हिशेब आजही उपयोगी पडतो: बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावी. 30 ग्रॅम छरे असतील तर 2.88 किलो. इंग्रजी गेम गन साधारण तेवढीच भरते. 36 ग्रॅमचं काडतूस वापरायचं तर बंदूक साडेतीन किलोच्या आसपास हवी. हलक्या बंदुकीत जड काडतूस घातलं की पहिला त्रास खांद्याला होतो. नळ्यांचा आणि खटक्याचा सांधा त्यानंतर सैल पडतो, पण पडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची बंदूक सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली. ती जागा बास्क प्रांतातल्या एइबारने भरली. हे बंदूककारांचं गाव 1937 साली यादवी युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जवळजवळ उद्ध्वस्त झालं होतं. 1950च्या दशकात इंग्रज आयातदार तिथे पोचले आणि त्यांनी मापं सांगून लंडनच्या साइडलॉकच्या आणि बर्मिंगहॅमच्या बॉक्सलॉकच्या प्रती बनवून घेतल्या. या बंदुकांना ‘स्पॅनिश लोखंड मऊ’ असा शेरा चिकटला. सुरुवातीच्या स्वस्त मालाबद्दल त्यात तथ्य होतं. पण इंग्रजांच्या देखरेखीखाली बनलेल्या चांगल्या प्रतींनाही तोच शेरा लावला गेला, आणि त्यात विकणाऱ्यांचा स्वार्थ होता. 1980च्या दशकात गावातल्या अनेक कारखान्यांना सरकारी मदतीने एका छताखाली आणण्याचा प्रयोग झाला. काही वर्षांतच तो कोसळला. पिढ्यान् पिढ्यांची नावं त्यात बुडाली, आणि मूठभर कारागिरांनी पुन्हा उभ्या केलेल्या कारखान्यांतून आजची एइबारची दुनळी येते. जुनी घ्यायची असेल तर एक सोय आहे. 1927पासून स्पॅनिश प्रूफच्या, म्हणजे दाबाच्या तपासणीच्या, ठशात वर्षाचं अक्षर असतं. विकणाऱ्याने ‘साठ सालची’ म्हटलं की अक्षर बघून घ्यावं.

आता मूळ गुंता. बारा बोअरचं इंग्रजी चेंबर पिढ्यान् पिढ्या अडीच इंची राहिलं, म्हणजे 65 मिमी. युरोपात 70 मिमी म्हणजे पावणेतीन इंच रूढ झालं. जुन्या जर्मन आणि बेल्जियन सोळा बोअरमध्येही 65 सर्रास सापडतं. काडतुसावर लिहिलेली लांबी मात्र बार काढल्यावर, तोंड उलगडल्यानंतरची असते. भरलेलं, तोंड चुणी घालून मिटलेलं 70चं काडतूस जेमतेम 58-59 मिमी भरतं. ते 65च्या चेंबरमध्ये अलगद जातं, कुठे अडत नाही, बंदूकही नीट मिटते. अडचण बाराच्या क्षणी येते. चुण्या उलगडायला जागा पुरत नाही, तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट आवळली जाते आणि दाब चढतो. बंदूक दर वेळी फुटतेच असं नाही. म्हणूनच ‘आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय’ असं सांगणारे भेटतात.

यात इंग्रज काडतूसवाल्यांनी एक निर्णय घेतला, ज्यावर आजही एकमत नाही. कागदी पुठ्ठ्याचं झाकण जाऊन चुण्यांचं तोंड आलं तेव्हा चुण्यांनाच काही मिलिमीटर लागू लागले. त्यांनी डबी लांब केली, 67 किंवा 70 मिमी, पण दाब 65च्या मर्यादेत ठेवला आणि खोक्यावर लिहिलं: 65 मिमी आणि त्याहून लांब चेंबरसाठी. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं, काडतुसं तपासूनच विकली जात. पण त्यातून शिकाऱ्यांना सवय लागली की 70 लिहिलेलं 65मध्ये चालतं. तीच माणसं इटलीला किंवा स्पेनला गेली आणि दुकानातून 70चं 36 ग्रॅमी काडतूस घेऊन आली, की ती सवय महागात पडते. ते काडतूस 70च्या चेंबरसाठीच भरलेलं असतं. डबीची लांबी तीच, आतला दाब वेगळा. त्या वेळी लांबीऐवजी दाब मोठ्या अक्षरांत छापायचा आग्रह धरला असता, तर निम्मा गोंधळ टळला असता असं माझं मत आहे.

दुसरा वाद चेंबर वाढवण्याचा. जुन्या 65च्या बंदुकीला आतून कोरून 70 करणं हे तासाभराचं काम, आणि अनेक दुकानदारांनी ते सर्रास केलं. बाजू घेणारे म्हणतात, काडतुसं सहज मिळतात, बंदूक वापरात राहते. खरं आहे. पण कोरलेलं पोलाद नेमकं तिथून जातं जिथे दाब सर्वांत जास्त असतो आणि भिंत पुढे पातळ होत जाते. हलकी इंग्रजी नळी आधीच घासून-पुसून पातळ झालेली. बारा बोअरच्या नळीची भिंत कुठेही वीस थाऊच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या, खाली गेली की जाणकार हात आखडता घेतात. शिवाय चेंबर वाढवलं की मूळ प्रूफ बाद होतं. ब्रिटनमध्ये पुन्हा तपासून घेतल्याशिवाय अशी बंदूक विकणं गुन्हा आहे. तपासणीत फुटली तर नुकसान मालकाचं.

ठसे वाचताना घाई नको. पुढचा लाकडी हात काढायचा, नळ्या मोडून उचलायच्या, आणि चेंबरखालचा सपाट भाग उजेडात तिरका धरायचा. 1887नंतरच्या इंग्रजी बंदुकीवर हिऱ्याच्या चौकटीत ‘12’ आणि त्याखाली ‘सी’ दिसतं. लोक त्यावरून 65 ठरवून मोकळे होतात. तसं नाही. त्या ठशाचा अर्थ एवढाच की चेंबर तीन इंचांहून कमी आहे. 65 आणि 70 दोन्हींवर तोच बसतो. बाजूला ‘नायट्रो प्रूफ’ (बिनधुराच्या दारूने तपासलेली) आणि छऱ्यांचं वजन सव्वा औंस असेल तर बहुधा 70, एक-अष्टमांश अधिक एक औंस असेल तर 65 समजावं आणि तरी मापक घालून मोजावं. 1954नंतरच्या ठशात चेंबरची लांबी आणि चौरस इंचाला टन असा दाब मिळतो: अडीच इंचाला 3 टन, पावणेतीनला सव्वातीन, तीन इंची मॅग्नमला 4. ब्रिटन 1980 साली आंतरराष्ट्रीय प्रूफ करारात आलं आणि पुढच्या ठशांत 850 व 1200 हे आकडे आले. कुणी कॅल्क्युलेटर काढून 3 टनाचे 463 बार (हे दाबाचं एकक) करतं आणि 850शी तुलना करून जुनी बंदूक निकामी ठरवतं. पण 3 टन हा वापरातल्या काडतुसाचा कमाल दाब होता आणि 850 हा मुद्दाम जास्त भरून केलेल्या तपासणीचा. मोजायची पद्धतही बदलली. ही दोन मापं शेजारी ठेवायचीच नाहीत.

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्यांबद्दल एवढंच: नायट्रो प्रूफचा ठसा असेल आणि भिंत मोजलेली असेल तर ठीक, नसेल तर भिंतीवर लावायला सुंदर.

आणि या सगळ्यावर शिशाचा निर्णय येऊन बसला. पाणपक्षी पडलेले छरे खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. अमेरिकेने 1991पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं देशभर बंद केलं, डेन्मार्कने 1996पर्यंत सगळ्याच शिकारीत. इंग्लंडने 1999 साली पाणपक्ष्यांपुरतं बंद केलं आणि बाकी शिकारीला हात लावला नाही. युरोपीय संघाचा नियम 15 फेब्रुवारी 2023पासून लागू आहे: पाणथळ जागेत आणि तिच्यापासून 100 मीटरच्या आत शिशाचे छरे चालत नाहीत. ब्रिटनमधल्या शिकारी संघटनांनी 2020 साली पाच वर्षांत स्वखुशीने शिसं सोडण्याचं जाहीर केलं होतं. ते जमलं नाही. 2025च्या जुलैत सरकारने बंदी जाहीर केली, कायदा झाल्यापासून तीन वर्षांच्या मुदतीसह, म्हणजे प्रत्यक्षात 2029.

शिशाऐवजी सर्वांत स्वस्त पर्याय पोलादी छऱ्यांचा. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8 च्या आसपास. म्हणून छरा दोन आकड्यांनी मोठा घ्यावा लागतो आणि तो कडक असल्याने आवळलेल्या चोकमधून दबून जात नाही. मध्य युरोपातली फुल चोकची दुनळी इथे मागे पडते. ती दिसते दणकट, पण नाजूक वाटणारी सैल चोकची इंग्रजी बंदूक या बाबतीत सोयीची ठरते. साधं पोलादी काडतूस 740 बारच्या मर्यादेत असतं आणि नायट्रो प्रूफ झालेल्या, चेंबर जुळणाऱ्या, सैल चोकच्या चांगल्या बंदुकीत चालतं. जास्त शक्तीच्या काडतुसाला मात्र कमळपाकळीसारखा फ्रेंच लिलीचा ठसाच लागतो. तो ठसा असलेली दुनळी म्हणजे जवळजवळ नेहमी अलीकडची, जाड भिंतीची, 76 मिमी चेंबरची, आणि उचलली की एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीइतकी जड.

65च्या जुन्या बंदुकीला बिस्मथ हा मवाळ पर्याय आहे. तो शिशासारखाच मऊ, चोकची चिंता नाही, नळीला इजा नाही. किंमत शिशाच्या काही पट. दिवसाला दहा-बारा बार काढणाऱ्याला ती झेपते, हाकेच्या शिकारीत दोनशे काढणाऱ्याला नाही. इंग्रजी बारा बोअरला 65चं पोलादी काडतूसही आता मिळू लागलं आहे. जुन्या 16/65ला तेही शोधत फिरावं लागतं. म्हणूनच युरोपातल्या बाजारात सध्या सुरेख, हलक्या सोळा बोअर दुनळ्या पाण्याच्या भावात दिसतात. घ्यायला हरकत नाही, पण आधी काडतुसांची खोकी कुठून आणणार ते ठरवून.