लिम्फोमा बरा झाल्यावर मानेत गाठ आली तर तोंडही बघा

लिम्फोमा या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या माणसाच्या मानेला काही वर्षांनी पुन्हा गाठ लागली, की घरात सगळ्यांना एकच शंका येते: आजार उलटला. बऱ्याचदा ते खरंही ठरतं. पण आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे पानपट्टीवर सुपारी-तंबाखू-चुन्याचा मावा मळून मिळतो आणि कितीतरी घरांत सकाळ मिश्रीनं, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीनं, सुरू होते. इथं ती गाठ तोंडात नव्यानं झालेल्या कॅन्सरचीही असू शकते.

हा जुन्याचा फैलाव नव्हे. लिम्फोमा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा, तर तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा गाल, जीभ, हिरड्यांच्या अस्तराचा. दोन्ही स्वतंत्र. वॉरन आणि गेट्स या अमेरिकी डॉक्टरांनी 1932 मध्येच अशा दुहेरी कॅन्सरचे निकष मांडले होते.

दुसरा का होतो? बिघडू लागलेल्या पेशी हेरून मारण्याचं काम लिम्फोसाइट करतात, आणि इथं आजार त्यांनाच झालेला असतो. उपचारांनी प्रतिकारशक्ती आणखी खालावते. केमोची काही औषधं आणि मानेवरचं रेडिएशन निरोगी पेशींच्या डीएनएलाही इजा करतात. रेडिएशनचा हा परिणाम अनेकदा दहा-दहा वर्षांनी दिसतो. त्यात मावा चालूच राहिला तर धोका वाढत जातो. नुसती सुपारी खाल्ली तर चालते, हा समजही चुकीचा आहे. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 च्या अहवालात सांगितलं.

कॅन्सर शोधणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये दोन्ही प्रकारच्या गाठी उजळतात, त्यामुळं नुसत्या स्कॅनवर निर्णय घेता येत नाही. गाठीचा तुकडा किंवा सुईनं काढलेल्या पेशी तपासाव्याच लागतात. हा फरक फार मोलाचा आहे, कारण लिम्फोमाला मुख्यतः केमो लागते, तोंडाच्या कॅन्सरला बहुधा आधी ऑपरेशन.

केमो चालू असताना अनेकदा तोंड येतं, म्हणून पेशंट तोंडातल्या जखमेला सरावतो. ते तोंड साधारण दोन-तीन आठवड्यांत बरं होतं. त्यानंतरही न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटं न मावणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवावं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे बॅटरीच्या उजेडात तोंड बघायला मिनिटभर पुरतं.

फॉलो-अपला ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की आपल्या बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात. मिश्री त्यांच्या हिशेबात तंबाखू नसतेच. म्हणून ‘मिश्री लावता का?’ असंच विचारायला हवं.