बक्षीस दिलेला फ्लॅट परत मिळवायचा असेल तर: गोव्यातील ज्येष्ठांसाठी अर्जाची माहिती

मुलाच्या, सुनेच्या किंवा भाच्याच्या नावावर फ्लॅट केला आणि नंतर त्याच घरात जेवणाखाण्याची, औषधांची आबाळ सुरू झाली, तर कोर्टात दावा लावणे हा एकच मार्ग नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द ठरवून घेता येते. त्यासाठी अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात आपल्या भागाच्या उपजिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. पण हा अर्ज टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा बक्षीसपत्रातली दोन-चार वाक्येच ठरवतात. म्हणून आधी ते नीट वाचा.

गोव्यात असे दस्त बहुधा इंग्रजीत केलेले असतात आणि सही करणाऱ्या आजी-आजोबांना ते कुणी वाचूनही दाखवलेले नसतात. जिथे नोंदणी झाली त्या सबरजिस्ट्रारच्या कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा आणि विश्वासातल्या माणसाकडून ओळ न् ओळ मराठीत किंवा कोकणीत समजून घ्या. ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक बक्षीसपत्रात सापडतात, पण त्यांनी काम भागत नाही. शोधायचे ते पुढे: ‘घेणार हा देणाऱ्याचा सांभाळ करील’, ‘देणाऱ्यास हयातभर राहण्याचा हक्क राहील’ अशा अर्थाचे काही लिहिले आहे का?

एवढा आग्रह का, तर कलम 23 ला दोन गोष्टी लागतात. मूलभूत सोयी आणि गरजा पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिलेली असली पाहिजे, आणि घेणाऱ्याने ती अट मोडलेली असली पाहिजे. या दोन्ही सिद्ध झाल्या की ते बक्षीस फसवणुकीने किंवा दबावाने घेतले असे कायदा मानतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सांगितले की अशी अट असल्याचे दाखवता आले नाही तर कलम 23 लागू होत नाही. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवून ताबा तिला परत द्यायला लावला. तिथे बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने सांभाळाचे वेगळे वचनपत्र लिहून दिले होते. तेव्हा घरातले जुने कागद, करारनामे, साध्या कागदावरची हमी, यातले काहीही टाकून देऊ नका.

अर्ज कोण करू शकतो? वय 60 पूर्ण असलेला भारतीय नागरिक, ज्याने स्वतः मालमत्ता दिली तो. हा कायदा लागू झाल्यानंतर दिलेलेच बक्षीस चालते. फ्लॅट घेणारा मुलगाच असला पाहिजे असे कलम 23 म्हणत नाही, त्यामुळे निःसंतान मावशीने भाच्याला दिलेल्या फ्लॅटचाही अर्ज होतो. दरमहाची निर्वाह रक्कम मागायची तर गोष्ट वेगळी: ती मुले-नातवंडांकडून, किंवा अपत्य नसल्यास मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे वा ज्याला वारशाने मिळणार आहे अशा वारसाकडून मागता येते. देणारा अंथरुणाला खिळलेला असेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते.

अर्जासोबत बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत, वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा पासपोर्ट), राहण्याचा पुरावा, आणि फ्लॅट मुळात तुमचा होता हे दाखवणारे खरेदीखत व सोसायटीचे कागद जोडा. घरपट्टीची पावती आणि वीजबिलही द्या. मग आबाळीचे पुरावे. इथे लोक फार हात आखडता घेतात, पोटच्या पोराविरुद्ध कसे लिहायचे म्हणून. तो संकोच मला समजतो, पण न्यायाधिकरणासमोर कागदच बोलतो. औषधांची बिले तुम्ही स्वतःच भरल्याचे पासबुकात दिसते का, डॉक्टरांचे कागद, शेजाऱ्यांचे म्हणणे, व्हॉट्सॲपवरचे निरोप, पोलिसांकडे तक्रार केली असल्यास तिची प्रत, हे सगळे तारखेच्या क्रमाने लावा. अर्जात ‘मला फार त्रास होतो’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या महिन्यापासून जेवण बंद झाले, कोणत्या खोलीला कुलूप लागले, असे लिहा. आणि मागणी स्पष्ट करा: बक्षीसपत्र रद्द ठरवावे, ताबा परत द्यावा, निकाल लागेपर्यंत फ्लॅट विकू किंवा गहाण ठेवू देऊ नये.

न्यायाधिकरण समोरच्याला नोटीस काढते, आधी समेट घडवून बघते, मग दोन्ही बाजू ऐकते. निर्वाह रकमेच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत लागावा, फार तर 30 दिवस वाढवता येतात, असे कायदा सांगतो. कलम 17 प्रमाणे इथे वकील उभा करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती मनाई अवैध ठरवली, तरी अर्ज असा लिहा की वेळ आली तर तुम्हालाच तो समजावून सांगता यावा. मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे.

आता खास गोव्याचे. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, निम्मी-निम्मी. म्हणून जोडीदाराच्या संमतीशिवाय केलेले बक्षीस तो जोडीदार आव्हान देऊन पाडू शकतो. नवरा वारला आहे आणि इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची न्यायालयीन प्रक्रिया) झालेली नाही, अशा स्थितीत विधवेने पूर्ण फ्लॅट बक्षीस दिला, तर निम्मा भाग मुळात नवऱ्याच्या वारसांचा ठरतो. शिवाय मुले असतील तर आपल्या मालमत्तेचा निम्माच भाग मर्जीने देता येतो. त्याहून जास्त दिलेले बक्षीस मृत्यूनंतर, 2012 च्या गोवा वारसा कायद्याखालच्या इन्व्हेंटरीत कापले जाते. हे वाद उपजिल्हाधिकाऱ्यांकडे नव्हे, दिवाणी न्यायालयात जातात.

दस्तात सांभाळाची अट नाही, वेगळी हमीही नाही, पण सही फसवून किंवा धाकाने घेतली, अशी स्थिती असेल तर दिवाणी न्यायालयाचाच रस्ता. मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे. घरचे प्रकरण आहे, आज ना उद्या सुधारेल, या आशेवर ही वर्षे निघून जातात. बोलणी चालू ठेवा, पण तारीख डायरीत लिहून ठेवा.

न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला तर 60 दिवसांत अपील जिल्हाधिकारी दर्जाच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे, आणि त्यानंतर पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात रिट याचिका. निकाल तुमच्या बाजूने लागला तर आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात सबरजिस्ट्रार, हाउसिंग सोसायटी आणि पालिकेला किंवा पंचायतीला द्या, आणि प्रत्येक ठिकाणी पोचपावतीवर शिक्का घ्या.