पान पिवळे, दुखणे मुळाशी : नागपूरच्या घरबागेचे ऋतुमान

जुलैच्या मध्यात आठ-दहा दिवस सलग पाऊस लागून राहिला की नागपुरातल्या अंगणांत जास्वंदीवर एक ठरावीक लक्षण दिसू लागते. शेंड्याची नवी पाने फिकट पिवळी, कधी जवळजवळ पांढरी निघतात, त्यांच्या शिरा मात्र हिरव्याच राहतात, आणि खालची जुनी पाने पूर्वीसारखी गर्द असतात. बहुतेक घरी यावर युरियाची चिमूट टाकली जाते आणि पिवळेपणा तसाच टिकतो, कारण या झाडाला नत्र कमी पडलेलेच नसते.

झाडाचे दुखणे ओळखताना पहिला प्रश्न हा विचारावा, की पिवळे पडलेले पान नवे आहे की जुने. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या आत फिरती असतात. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून घेऊन कोवळ्या शेंड्याला पुरवते, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह मात्र एकदा पानात बसले की सहसा तिथून हलत नाही. त्याची टंचाई झाली की जुनी पाने सुखरूप राहतात आणि नव्या पानांत हरितद्रव्यच तयार होत नाही. जास्वंद, मोगरा, अनंत, लिंबू आणि गोडनिंब (कढीपत्ता) यांच्यावर पावसाळ्यात दिसणारा पिवळेपणा बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो.

गंमत अशी की नागपूरच्या जमिनीत लोहाला तोटा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या दख्खनच्या लाव्ह्याची पूर्व कड या शहरातून जाते, सीताबर्डी आणि सेमिनरी हिल्सच्या टेकड्या त्याच बेसॉल्टच्या आहेत आणि बेसॉल्ट हा लोहाने समृद्ध असलेला खडक आहे. त्यापासून झालेल्या काळ्या मातीत चुनखडीही पुष्कळ असते, त्यामुळे तिचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा अंक, म्हणजे पीएच) साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान राहतो, आणि अडचण तिथे आहे. सामू एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळून राहणाऱ्या फेरिक लोहाचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते. लोह मातीत भरपूर असते, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसते.

जास्वंदीसारखी द्विदल झाडे यावर उपाय म्हणून मुळांतून आम्ल सोडतात आणि मुळांच्या पृष्ठभागावर लोहाचे रूप बदलून ते शोषून घेतात. पाऊस लागून राहिला की मातीतले हवेचे मार्ग बुजतात, मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो, तो चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट तयार करतो, आणि झाडाने सोडलेले आम्ल जागच्या जागी निष्प्रभ होते. गवताची रीत वेगळी आहे. त्याची मुळे असे पदार्थ सोडतात जे मातीतल्या लोहाला पकडून मुळापर्यंत आणतात, आणि ही रीत सामूच्या वाढीला तितकी बधत नाही. म्हणूनच पिवळ्या पडलेल्या जास्वंदीच्या बुंध्याशी उगवलेली हरळी पुष्कळदा हिरवीगार दिसते. हे दृश्य दिसले तर निदान जवळजवळ पक्के समजावे.

तातडीचा उपाय म्हणजे हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी. एक लिटर पाण्यात दोन ते तीन ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी नव्या पानांवर फवारली तर आठवड्या-दीड आठवड्यात पाने हिरवी होऊ लागतात. मात्र पुढे येणाऱ्या पानांसाठी फवारणी पुन्हा करावी लागते. तीच हिराकस चुनखडीच्या मातीत नुसती टाकली तर तिचे लवकरच न विरघळणाऱ्या रूपात रूपांतर होते, म्हणून तो खर्च वाया जातो. दुकानात चिलेटेड लोह (दुसऱ्या द्रव्याने धरून विरघळते ठेवलेले लोह) मागितले तर सहसा ईडीटीए प्रकारचे हातात ठेवतात, पण आपल्याकडच्या सामूला ते टिकत नाही. जमिनीतून द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे घ्यावे. किंमत जास्त असली तरी काम तेच करते. कायमचा उपाय शेणखत किंवा गांडूळखत आणि पाण्याचा निचरा हाच आहे, कारण सेंद्रिय द्रव्य लोहाला धरून ठेवते आणि निचऱ्यामुळे बायकार्बोनेट साचत नाही.

पावसाळ्यातले दुसरे फसवे लक्षण म्हणजे ओल्या मातीत माना टाकलेले झाड. पाने कोमेजलेली पाहून माणूस पाणी घालतो आणि झाड दोन दिवसांत जाते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. भरलेल्या कुंडीत मुळे गुदमरतात, मग कुजवणाऱ्या बुरशींना आयते रान मिळते, आणि मुळेच नाहीत म्हटल्यावर पाणी असूनही ते वर चढत नाही. अशा वेळी कुंडी आडवी करून मातीचा गोळा हलकेच बाहेर काढावा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते, तर कुजलेल्या मुळाची साल बोटांत धरताच सुटून येते, आत दोऱ्यासारखा धागा उरतो आणि आंबूस वास येतो. कुजलेला भाग कापावा, वरच्या फांद्याही त्या मानाने कमी कराव्यात, आणि एक भाग माती, एक भाग कन्हान नदीची जाडसर रेती व एक भाग कुजलेले खत अशा मिश्रणात झाड पुन्हा लावावे. काळ्या मातीत मूठभर रेती टाकून काही साधत नाही, ती तितक्याच प्रमाणात घालावी लागते.

ज्यांच्या अंगणात संत्र्याचे झाड आहे त्यांनी या बुरशीकडे विशेष लक्ष द्यावे. फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीमुळे बुंध्याची साल फुटून डिंक गळतो, त्याला बागायतदार डिंक्या म्हणतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावावे. शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि शंभर ग्रॅम चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून एकत्र केले की एक लिटर पाण्यात घरापुरते मलम होते, आणि लोखंडी भांडे मात्र टाळावे. कलमाचा जोड मातीच्या वर उघडा राहील हेही पाहावे, कारण आळे भरता भरता तो हमखास गाडला जातो.

संत्र्याला फुलेच येत नाहीत ही तक्रारही शहरात फार ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा प्रेम असते. आंब्या बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरच्या थंडीत झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो. वाढ थांबते, पाने थोडी फिकी होतात, फांद्यांत अन्न साठते, आणि जानेवारीत खत देऊन पाणी सुरू केले की फुले फुटतात. रोज सकाळी बादलीभर पाणी मिळणारे झाड पालाच वाढवत राहते. हलक्या मुरमाड जमिनीत साधारण महिनाभराचा ताण पुरतो, भारी काळी जमीन ओल धरून ठेवत असल्याने तिथे बराच अधिक वेळ लागतो. कुंडीतल्या झाडावर हा प्रयोग करू नये, तिथली ओल काही दिवसांतच संपते आणि झाड दगावते.

बाकी हिवाळा हा नागपूरच्या बागेचा सुखाचा काळ आहे. सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक, मुळा आणि टोमॅटो यांचे दिवस ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यावर सुरू होतात. सांबाराचे धने रगडून दोन फाकांत करावेत आणि उगवायला दीड-दोन आठवडे लागले तरी धीर धरावा. टोमॅटोची फुले एप्रिलमध्ये गळू लागली तर खत वाढवू नये, कारण तेवढ्या उष्णतेत त्यांचे परागकण निकामी होतात आणि फळ धरत नाही.

खरी कसोटी उन्हाळ्याची. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि रोज पाणी मिळणारी झाडेही वाळताना दिसतात. काळ्या मातीतली चिकणमाती ओलीने फुगते आणि वाळली की आक्रसते. कुंडीत ती कडेपासून बोटभर सुटते, मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाऊन तळाच्या भोकातून वाहते. पाहणाऱ्याला वाटते, कुंडी भरली. प्रत्यक्षात मधला गोळा कोरडा ठणठणीत असतो. बोट दोन पेरे आत घालून पाहिले की हे कळते. अशी कुंडी टबातल्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून निथळू द्यावी, फट मातीने भरावी आणि वर वाळलेल्या पाल्याचा दोन बोटे जाड थर द्यावा.

याच दिवसांत एक सवय झाडांना हळूहळू मारते, ती म्हणजे कुलरच्या टाकीतले उरलेले पाणी कुंड्यांत ओतणे. पाणी वाचवण्याची इच्छा चांगलीच आहे, पण कुलर केवळ शुद्ध पाणी हवेत सोडतो आणि क्षार मागे ठेवतो. टाकी दिवसभर पुन्हा पुन्हा भरली जाते, त्यामुळे तळाशी उरलेले पाणी मूळ पाण्याहून कितीतरी खारट झालेले असते. बोअरवेलचे पाणी असेल तर कुलरच्या गवतावर धरणारा पांढरा थर हाच त्याचा पुरावा. असे पाणी मिळालेल्या झाडाच्या पानांचे टोक आणि कडा तपकिरी होऊन करपतात, कारण पाण्याबरोबर चढलेले क्षार प्रवासाच्या शेवटी तिथेच साचतात. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसते. ती खरवडून काढावी आणि दोन-तीन वेळा तळातून भरपूर निथळेल इतके साधे पाणी द्यावे. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यालाही हाच नियम लागू होतो. ही दोन्ही पाणी फरशी धुण्यासाठी वापरावीत.

उन्हाळ्यात पाने धुळकट, ठिपकेदार दिसून मागच्या बाजूला बारीक जाळे आढळले तर तो लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, असतो. त्याला कोरडी, तापलेली हवा मानवते, म्हणून पानांच्या मागच्या बाजूवर सकाळी जोरात पाणी मारणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. पिठ्या ढेकणासाठी एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारतात, पण ते भर उन्हात मारल्यास पानेच भाजतात, शिवाय त्यातले अझाडिरॅक्टिन हे कीडरोधक द्रव्य सूर्यप्रकाशात लवकर नष्ट होते. फवारणी सूर्य मावळल्यावर करावी आणि लगेच किडी मेल्या नाहीत म्हणून मात्रा वाढवू नये. या द्रव्यामुळे किडीचे खाणे आणि कात टाकणे बंद पडते, आणि परिणाम दिसायला काही दिवस जावे लागतात.