जळगावची धावपट्टी: पार्श्वभूमी

जळगावहून प्रवासी विमान सुरू झालं की 'विमानतळ सुरू झाला' अशी बातमी येते. कंपनीने गाशा गुंडाळला की 'बंद पडला' अशी. धावपट्टी मात्र तिथे १९७३ पासून आहे. कुसुंब्याजवळची ही पट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधली, आणि पुढची कित्येक वर्षं ती मंत्र्यांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि उद्योजकांच्या छोट्या विमानांसाठीच होती. सोनं, डाळ, केळी, पाइप यांच्या उलाढालीचं हे गाव. मुंबईच्या माणसाने सकाळी येऊन संध्याकाळी परतावं, ही इथली खरी गरज होती.

विमानतळाचा खर्च गावाने उचलावा का, या वादाचं मूळ १९९७ मध्ये आहे. त्या वर्षी नगरपालिकेने विमानतळ आपल्याकडे घेतला. यामागची आच मी चुकीची म्हणणार नाही. सरकार लक्ष देत नसेल तर गावाने पुढे व्हावं, यात गैर काय? पण झेपेल किती, हे पाहायला हवं होतं. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचं डांबर तडकतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो; तापलेल्या विरळ हवेत विमानाला उडायला जास्त लांब पट्टी लागते. शिवाय विमान येणार म्हटलं की पट्टी झाडायची, गुरं-कुत्री हुसकावायची, अग्निशमन बंब उभा करायचा. अधूनमधून उतरणाऱ्या खासगी विमानांच्या शुल्कातून हा खर्च निघणं शक्यच नव्हतं. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पट्टीवरच्या डांबराचा हिशेब लोक मागणारच, आणि तो मागणं रास्तच होतं. २००३ मध्ये महापालिका झाली, तरी हा भार हलका झाला नाही. २००७ मध्ये विमानतळ राज्य सरकारकडे परत गेला. ही दहा वर्षं वजा करून आजच्या विमानतळाची गोष्ट सांगता येत नाही.

नंतर केंद्राच्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी राज्याचा करार झाला. २०१० मध्ये विस्ताराची पायाभरणी आणि २३ मार्च २०१२ रोजी उद्घाटन, दोन्ही तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते. त्या याच जिल्ह्यातल्या. तरीही नियमित विमानासाठी डिसेंबर २०१७ उजाडला. छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेतली ती मुंबई सेवा काही महिन्यांतच थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये दुसरी कंपनी आली, तीही टिकली नाही. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबई जोडली गेली.

मधल्या काळात, २०२१ मध्ये, वैमानिक प्रशिक्षणासाठी निवडलेल्या देशातल्या पाच विमानतळांत जळगाव आलं. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरलाही शिकाऊ विमानंच जास्त दिसतात. खानदेशातल्या धावपट्ट्या अशा विमानांनी आणि खासगी फेऱ्यांनी जागत्या ठेवल्या आहेत. विमानतळाचा ताळेबंद मांडताना फक्त तिकिटं मोजली, तर हे सगळं काम हिशेबाबाहेर राहतं.