खाण्याचे विकार आणि भुकेला मेंदू

खाण्याचा विकार म्हटलं की हाडं दिसणारी किशोरवयीन मुलगी डोळ्यांसमोर येते. अशा मुली उपचारांना येतात आणि त्यांचा आजार, म्हणजे ॲनोरेक्झिया (जाड होण्याच्या भीतीने अन्न टाळणं), जीवघेणा ठरू शकतो. पण खाण्याचे विकार असलेल्या बहुतेकांचं वजन कमी नसतंच. बुलिमियात, म्हणजे ताबा सुटून खाणं आणि मग उलट्या वगैरे करून ते भरून काढणं यात, ते बहुधा सर्वसाधारण असतं. बिंज ईटिंगमध्ये, म्हणजे तसंच खाणं पण नंतर उलट्या वगैरे नाहीत अशा विकारात, बऱ्याचदा जास्त. हे रुग्ण ‘वजन उतरवायचंय’ म्हणून येतात आणि ताबा सुटून खाल्लं जातं हे शरमेपोटी सांगतच नाहीत. उलट्यांमुळे झिजलेले दात पाहून बुलिमियाची पहिली शंका कधी दंतवैद्यालाच येते. पुरुष तर नजरेतून सुटतातच: पाळी थांबणं ही ॲनोरेक्झियाच्या निदानाची अट अमेरिकी मनोविकार नियमावलीतून थेट २०१३ साली गेली.

ॲनोरेक्झियाचा रुग्ण स्वतःहून क्वचितच येतो, घरचे आणतात. याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. चरबी घटली की तिच्यातून स्रवणारं लेप्टिन हे संप्रेरक रक्तात कमी होतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस त्यावरून उपासमार ओळखतो आणि काटकसर सुरू करतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला जाणारे संदेश मंदावतात, बीजग्रंथी थंडावतात, पाळी थांबते. थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक घटतं, अंग गार पडतं, नाडी मंदावते.

मनही यातून सुटत नाही. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये संशोधक ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशाने घटलं. जाड होण्याची भीती त्यांना मुळीच नव्हती, तरी ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, एकेक जेवण तासन्‌तास लांबवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पोटभर अन्न मिळू लागल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबा सुटला. म्हणजे ज्याला आपण रुग्णाचा स्वभाव समजतो, त्यातलं बरंचसं भुकेचं काम असतं.

म्हणून पोषण हाच उपचारांचा पाया. तेही जपून: फार खंगलेल्या शरीरात अन्न एकदम गेलं तर इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट पेशींत ओढलं जातं, रक्तातलं फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत उतरतं आणि हृदयावर बेततं.

बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्येही सुरुवात ठरल्या वेळी, न चुकता जेवण्यापासून होते. झटपट बारीक करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती नेमकं उलटं सांगतात. त्यांच्या नादाने एकेक जेवण टाळलं की भूक साचते आणि पुढचा ताबा सुटण्याचा प्रसंग जवळ येतो.