पोंटून म्हणजे ट्रकची ट्यूब नव्हे

"दोन ट्यूबा आणि मधे एक खुर्ची, त्यात काय एवढं?" फुगवायच्या मासेमारी पोंटूनबद्दल कोल्हापुरात हे वाक्य कायम कानावर येतं. बोट मग ट्यूबसारखीच वापरली जाते. दहा वर्षं टिकायची वस्तू दोन-तीन उन्हाळ्यांत भंगारात जाते, आणि वर ऐकायला मिळतं की मालच खराब होता. बहुतेक वेळा माल ठीक असतो, घोळ वापरण्यात असतो.

ट्रकची ट्यूब काय असते ते पंचगंगेत पोहायला शिकलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. जाड ब्यूटाइल रबर, एकच कप्पा, एक व्हॉल्व्ह. पुरात माणसं काढायला काहील (गूळ कढवायची मोठी कढई) नसेल तिथे ट्यूब धावून आली आहे, आणि धरणाच्या फुगवट्यावर जाळी लावणारे मच्छीमार आजही तिच्यावर बसून काम करतात. हवा मारा, पाण्यात टाका, उन्हात फेका, पंक्चर झाली तर ठिगळ लावा. ती सगळं सोसते.

पोंटूनच्या दोन नळ्या साधारण आठ-नऊ फूट लांब, टोकांना निमुळत्या. वर धातूचा सांगाडा, सीट आणि दोन वल्ही. बहुतेक बोटी एका माणसासाठी. नळी रबराची नसते. आत विणलेलं पॉलिस्टर कापड आणि त्याच्या दोन्ही अंगांना पीव्हीसीचा थर, अशी ती घडण. काही पोंटूनमध्ये हवा धरायला आत वेगळं ब्लॅडर असतं. फुटबॉलला आत ब्लॅडर आणि बाहेर कातडं असतं तसंच: आतलं हवा धरतं, बाहेरचं मार खातं. बाकीच्या एकेरी कातडीच्या, तिथे दोन्ही कामं एकाच कापडाची. ब्लॅडर बदलता येतं म्हणून पहिला प्रकार दुरुस्तीला सोपा. मात्र घडी करताना ब्लॅडर आत पिळलं गेलं, की पुढच्या वेळी तिथेच फाटतं. मला स्वतःला वेल्ड केलेली, म्हणजे सांधे गोंदाऐवजी उष्णतेने जोडलेली, एकेरी बोट आवडते, पण हा आवडीचा भाग झाला.

आता ज्या एका गोष्टीवर सगळे अडखळतात, ती. रबर ताणतं, पीव्हीसीचं कापड ताणत नाही.

ट्यूब उन्हात तापली की आतली हवा प्रसरण पावते आणि ट्यूब थोडी मोठी होते. दाब फारसा वाढत नाही, कारण हवेला जागा मिळते. पोंटूनला मोठं होता येत नाही. आतलं पॉलिस्टर त्याला आकारात धरून ठेवतं, त्यासाठीच ते घातलेलं असतं. हवेला जागा मिळाली नाही की सगळी वाढ दाबात होते.

आकडे बघा. मासेमारीच्या पोंटूनला बहुधा 2 ते 3 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब सांगितलेला असतो. ट्रकच्या टायरच्या मानाने हा आकडा इतका लहान दिसतो की लोक त्याला मोजतच नाहीत. पण नळीचा व्यास 16 इंच असेल तर 3 पीएसआयला लांबीच्या सांध्याच्या दर इंचावर 24 पौंडांची, म्हणजे जवळपास 11 किलोंची ओढ असते. नळी जितकी जाड, तितकी ओढ जास्त. आता पहाटे 25 अंशांना ही नळी 3 पीएसआयला फुगवली आणि एप्रिलच्या दुपारी काठावरच्या काळ्या खडकावर ठेवली. आतली हवा 55 अंशांपर्यंत तापली, तर कोल्हापूरच्या उंचीवर तोच दाब साडेचारच्या पुढे जातो आणि सांध्याच्या दर इंचावर 17 किलोंची ओढ येते. तेही अशा वेळी, की उष्णतेने गोंद आधीच मऊ पडलेला आहे.

पाण्यात असताना हे होत नाही. नळीचा खालचा भाग पाण्यात बुडालेला असतो आणि पाणी उष्णता ओढून घेतं. म्हणून पोंटूनला खरा धोका काठावर, जेवणाच्या सुट्टीत असतो. हे लोकांना उलटं वाटतं. पाण्यात असेपर्यंत ते जीव मुठीत धरून बसतात आणि काठाला लागले की बोट तशीच उन्हात टाकून झाडाखाली डबा उघडतात. झाडाखाली बोट ठेवायला हवी.

याच्या उलटा प्रकार आणखी फसवा. दुपारी काठावर 35 अंशांत नळी 3 पीएसआयला भरली आणि 22 अंशांच्या पाण्यात उतरवली, की दाब सव्वादोनपर्यंत उतरतो. नळी हाताला मऊ लागते. लगेच "हवा जातेय, गळती आहे" असा निष्कर्ष निघतो आणि पंप पुन्हा जोडला जातो. गळती नसते, हवा थंड झालेली असते. आता थंड नळीत 3 पीएसआय भरलेत. तीच बोट तासाभराने उन्हात काठावर चढवली की आकडा पाचाला टेकतो. बहुतेक सांधे असेच मरतात: एकदम फाटत नाहीत, दर सुट्टीत थोडे थोडे उकलतात. जवळून पाहिलं तर आधी सांध्याच्या कडेला बारीक पांढरट रेघ दिसते, मग पट्टीची कड नखाने उचलता येईल इतकी सुटते. रेघ दिसली तेव्हाच सावध व्हायचं असतं.

उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. बोट पाण्यात उतरवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग हवेचा शेवटचा हात मारायचा. काठावर चढवण्याआधी प्रत्येक नळीतून काही सेकंद हवा सोडायची. सावली नसेल तर नळ्यांवर ओलं पोतं टाकायचं. कोकणात खाडीवर फुगवलेली बोट टपावर बांधून तशीच घाट चढवणाऱ्यांसाठी आणखी एक: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे ऊन नसतानाही नळीतला दाब जवळपास 0.9 पीएसआयने वाढतो. तेव्हा खालीच हवा सोडा.

अंगठ्याने दाबून "बरोबर आहे" म्हणणाऱ्यांशी वाद घालायचा मला मनापासून कंटाळा आला आहे. ट्यूबला अंगठा चालतो. पोंटूनला कमी दाबाचं गेज लागतं, कारण टायरच्या गेजवर 2 आणि 3 यांतला फरक वाचता येत नाही. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर पोंटून कधीही न्यायचं नाही. त्याचा हात ट्रकच्या टायरवर बसलेला असतो. फूटपंप किंवा हातपंपच वापरा. वेळ लागतो, पण भरताना नळी कशी कडक होत जाते ते कळतं.

खरी गळती ओळखायची तर सारख्याच तापमानाला तुलना करा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर घरात किंवा सोप्यात फुगवायचं, दाब लिहून ठेवायचा आणि पहाटे पुन्हा मोजायचा. थोडा उतार चालतो. नळी चिंबलेली दिसली तर साबणाचं पाणी घ्या आणि सर्वात आधी व्हॉल्व्ह बघा. वाळूचा एखादा कण अडकलेला असतो, किंवा व्हॉल्व्ह ढिला झालेला असतो. लोक व्हॉल्व्ह सोडून अख्खी नळी तपासत बसतात.

ठिगळाचं थोडक्यात सांगतो. सायकलचं रबर सोल्युशन पीव्हीसीवर धरत नाही. चिकटल्यासारखं वाटतं आणि फुगवलं की सोलून निघतं. पीव्हीसीला पीव्हीसीचंच ठिगळ आणि पीव्हीसी बोटीसाठीचा दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद लागतो. जागा ॲसिटोनने पुसायची आणि गोंदाच्या डब्यावर लिहिलंय तितका वेळ सुकू द्यायचं. भोकाला ठिगळ चालतं. सुटलेल्या सांध्यावर वरून ठिगळ मारणं मला मान्य नाही. सांधा उकलून, जुना गोंद काढून नव्याने चिकटवावा लागतो, आणि हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावं.

आयुष्याचं म्हणाल तर नीट ठेवलेली पीव्हीसी बोट साधारण पाच ते दहा वर्षं जाते, हायपॅलॉन या कृत्रिम रबराचा थर दिलेल्या कापडाची त्याच्या दुप्पट. ड्युपाँटने हायपॅलॉन 2010 मध्ये बंद केलं, पण त्याच जातीचं कापड दुसऱ्यांकडून मिळतं. ते महाग आहे, आणि वर्षातून चार वेळा गळ टाकायला जाणाऱ्याने त्यासाठी जीव टाकू नये. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य ऊन आणि उष्णतेने हळूहळू बाहेर येतं. कापड आधी चिकट लागतं, मग ताठ होतं. डास पळवणाऱ्या मलमातलं डीट पीव्हीसीला खातं, तेव्हा मलम लावलेले हात नळीवर टेकू नका. ठेवताना पूर्ण कोरडी करा, घट्ट घड्या घालू नका, आणि धान्याच्या किंवा पेंडीच्या पोत्यांशेजारी तर अजिबात ठेवू नका. उंदीर एका रात्रीत ब्लॅडरसकट कुरतडतात.

सुरक्षिततेतही ट्यूबची सवय घात करते. ट्यूब माणसाच्या भोवती असते, पोंटून माणसाच्या खाली. ट्यूबमध्ये तोल गेला तरी ती काखेत राहते. पोंटूनवरून घसरलात तर हलकी झालेली बोट वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही ती गाठता येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव उठतो तेव्हा तर नाहीच. म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नको. 50 न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि काठाजवळच्या पाण्यासाठी असतं. ज्याला पोहता येत नाही त्याने किमान 100 न्यूटनचं घ्यावं. "पोंटून आहे की" हे उत्तर मला चालत नाही. ढग दिसले की काठ गाठायचा. हातात गळाची कार्बनची काठी असताना तर आधीच, कारण कार्बनमधून वीज वाहते.

स्वस्त बोटींत प्रत्येक नळीला एकच कप्पा असतो. एक नळी बसली की बोट त्या अंगाला कलते आणि माणूस पाण्यात जातो. प्रत्येक नळीत दोन कप्पे आहेत का, हे रंग आणि कपहोल्डर विचारण्याआधी विचारा.

आणि आपल्या नद्यांवर बंधाऱ्यांपासून लांब राहा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात आणि वरून पाणी सांडत असतं, तेव्हा खालचं पाणी उलटं फिरतं. हवेने भरलेली वस्तू तिथे तरंगते, पण बाहेर येत नाही, तिथेच घोळत राहते. नांगर टाकून बंधाऱ्याच्या वर थांबणं हाही वेडेपणा आहे: ओढ वाढली की नांगराचा दोर बोटीला खाली खेचतो. पावसाळ्यात भोगावती आणि पंचगंगेवर फुगवलेली बोट काढूच नये. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी भरलं की ते आपोआप उघडतात. तुमची वेळ विचारून उघडत नाहीत.

जुनी बोट घेत असाल तर हात फिरवून कापड चिकट लागतंय का बघा, सांध्यांच्या कडांवर ती पांढरट रेघ शोधा, झिप पूर्ण उघडून ब्लॅडर बाहेर काढायला लावा. विकणारा "आत्ता फुगवून दाखवतो" म्हणेल. त्याला आदल्या संध्याकाळी फुगवून ठेवायला सांगा आणि ऊन चढायच्या आत बघायला जा.